थोरल्यांचं खातं

बसा. दिवा असू दे तसाच. ही माझ्या ओळखीतल्या एका पोराची गोष्ट. त्यानेच मला सांगितली, आणि त्याला खोटं बोलायची अक्कल नाही. ती आम्हा म्हाताऱ्यांची विद्या.

शिक्षण मधेच सोडलं म्हणून घरात त्याला 'अर्धवट'च म्हणत. घरचं शीतगृह. आतल्या खोलीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून बापाने फर्मावलं, "आपल्या आपल्यात निरोप धाडायला काहीतरी बसव. सकाळी आठला चाललं, तर कॉलेजचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारी मुकाट परत."

गेल्या वर्षीची सतरा मार्चची रात्र. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, त्यावर चॅटचा सर्व्हर. लागेल ते सगळं उतरवून घेतलं आणि बाहेरच्या इंटरनेटची वायर त्याने उपटून ठेवली. घरचं घरात.

सर्व्हर चालू केला की पडायचा. परत चालू, परत आडवा. पडद्यावर एकच ओळ: परवानगी नाही. दोन तास डोकं आपटल्यावर कळलं, फोल्डरची मालकी भलत्याच्याच नावावर होती.

"इथेही मालक दुसराच," पोरगं करवादलं.

बाप डोकावला. "लावलेस का दिवे?"

"लावतोय."

"नावं घालशील तेव्हा पहिलं थोरल्यांचं घाल."

"बाबा, काकांना जाऊन वर्ष झालं. गेलेला माणूस चॅट करतो का?"

"जीभ आवर. या घरात पहिलं नाव थोरल्याचं. बिलावरही तेच आहे."

"जिवंत होते तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आता मान!"

काका, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, आतल्या थंड खोलीतच वारले होते. हृदयविकार, असं सगळे सांगत.

पोराने दातओठ खात खातं उघडलं. नाव, थोरले. पासवर्ड सुचेल तो ठोकला, कुणाला सांगितला नाही. मग बापाचं खातं, त्याच्या फोनवर. शेवटी स्वतःचं.

बारा वाजून चाळीस मिनिटं. सर्व्हर उभा राहिला. यादीत दोन हिरवे ठिपके, बाप आणि लेक.

मग तिसरा.

"बाबा, काही दाबलंत का?"

"मी कशाला दाबू?"

थोरले लिहीत आहेत…

पोराने ते खातं पुसलं. ठिपका तसाच. सर्व्हर थांबवला. पडद्यावर आलं, थांबला. ठिपका तसाच.

थोरले लिहीत आहेत…

त्याने प्लगच ओढला. पडदा काळा.

बापाच्या हातातला फोन वाजला.

"धाकट्या, बाहेरून कडी का लावलीस?"

पोराने बापाकडे पाहिलं. वाटलं, आता ओरडेल. हसेल. म्हणेल, तुझेच चाळे, अर्धवटा.

बाप…

बाप थंड खोलीच्या दाराकडे बघत होता.

"बाबा?"

"बाबा, हृदयविकार होता ना?"

आठ वाजले. सर्व्हर बंदच होता. कॉलेजचं नाव मात्र कुणी काढलं नाही. पोरगं तो फोन खिशात घालून घराबाहेर पडलं ते कायमचं. माझ्याकडे आलं आणि फोन टेबलावर ठेवला.

मी पाहिलाय. बॅटरी केव्हाच गेलीय. काच पुसून झाली, भर उन्हात ठेवून झाला. काचेला आतल्या बाजूने बर्फ धरलाय.

अजून वितळत नाही.