ऊट आयता?

चाकूरच्या बाहेर, सोयाबीनच्या गोदामांना लागून जिवाणू खताचा एक छोटा कारखाना आहे. पत्र्याचं छत, दारात दोन कडुलिंब आणि आत पाचशे लिटरची स्टीलची टाकी. त्या टाकीत जमिनीतले जिवाणू साखरपाण्यावर वाढवायचे, पोसून पोसून इतके दाट करायचे की आधी पाणी दुधी होतं आणि शेवटी खव्याकडं झुकतं. सांगायला सोपं आहे. करणाऱ्याच्या मात्र नाकी नऊ येतात.

सगळी गोम भरवण्यात आहे. साखर एकदम ओतली तर हे जीव अधाशासारखे खातात, टाकी आंबवून टाकतात आणि त्याच आंबटात मरतात. कमी दिली तर उपाशी मरतात. म्हणून थोडी थोडी द्यायची, जशी भूक तशी. भूक कळते ऑक्सिजनच्या आकड्यावरून. जीव खात असले की ऑक्सिजन ओढतात, आकडा खाली जातो. साखर संपली की आकडा टुणकन वर उडी मारतो. म्हणजे भूक लागली.

धम्मप्रिया इथली इनचार्ज. उमरीची, एम.एस्सी. झालेली, आईला घेऊन चाकुरात भाड्यानं राहणारी. देव-भुतं असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. जुने ऑपरेटर शिवमूर्तीकाका जानेवारीत निवृत्त होऊन निलंग्याला गेले, तेव्हा तिनं भरवण्याचं काम सूत्रावर आणि कॉम्प्युटरच्या पंपावर सोपवलं. तेव्हापासून तीन बॅच गेल्या. तिन्ही चौदाव्या तासाला. त्यात मोठा फ्रीजर बंद पडला आणि मूळ जिवाणूंच्या साठवलेल्या कुप्या खराब झाल्या. एकच वाचली. तीच काल संध्याकाळी सहाला टाकीत सोडली होती. ही बॅच गेली की ते वाण कायमचं संपणार, कारखान्याला कुलूप लागणार आणि नऊ माणसांसोबत धम्मप्रियाही घरी बसणार.

सकाळी आठला चौदावा तास भरला. आकडा बावीसवर येऊन थांबला. वर जाईना, खाली येईना. सूत्र म्हणत होतं, साखर वाढव. मागच्या तिन्ही वेळा तिनं इथंच वाढवली होती.

या वेळी तिनं पंप थांबवला. तिनं काकांची जुनी वही काढली. शेवटच्या रकान्यात दर तासाला एकच शब्द होता, होकाराचा ‘हाव’ किंवा ‘न्हाई’. भरवलं की नाही याची ती खूण असेल, असं तिला इतके दिवस वाटत होतं. आज नीट पाहिलं तर उलटंच निघालं. जिथं ‘न्हाई’, तिथं साखर सोडलेली. जिथं ‘हाव’, तिथं पंप बंद.

तिनं निलंग्याला फोन लावला.

“काका, वहीत हाव लिहिलंय, म्हणजे काय?”

“म्हंजे काय? ती जेवली असंल तर हाव.”

“पण इथं आकडा हलतच न्हाई. तुम्हाला कळायचं कसं?”

“इचारून.”

“कुणाला?”

“टाकीलाच की. ऊट आयता, म्हणायचं.”

कर्नाटकच्या शिवेवर माणूस भेटला की कानडीत हेच विचारतात, जेवण झालं का.

“काका, मी रडकुंडीला आलेय आन् तुम्ही मस्करी करून राहिलात!”

“मस्करी न्हाई, माय. मराठीत इचार, कळतंय तिला. फकस्त एक ध्यानात ठेव. टाकी रिकामी झाली की इचारायचं न्हाई. रिकाम्या घरात कुणी इचारतं व्हय?”

धम्मप्रियानं मदतनीस मनिषाला नमुना देऊन लॅबमध्ये पिटाळलं. दार लोटून घेतलं. स्वतःचीच लाज वाटत होती, पण आता गमवायला होतंच काय? ती टाकीच्या काचेशी वाकली.

“जेवलीस का?”

बावीस. एकोणीस. पंधरा.

म्हणजे आत खाणं चालू होतं. तिनं पंप बंद ठेवला. वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं. आकडा अठ्ठावन्नवर उडाला. तिनं साखर सोडली.

योगायोग, ती स्वतःला म्हणाली. पत्रा तापलाय, हवेचा दाब बदलला असेल. पण विचारणं तिनं थांबवलं नाही. दर वेळी उत्तर यायचं, आणि माणसाला तोंडातला घास गिळायला लागतो तेवढ्याच वेळानं यायचं.

दुपारी चारला नमुना पाहून मनिषा किंचाळलीच. “मॅडम, काकांच्या वक्ताला बी एवढी दाट झाली नव्हती! लईच झालं की हो!”

धम्मप्रियानं आधी चोवीस नव्या कुप्या भरल्या, दुसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि मग खुर्चीत बसून खुशाल रडली. चार महिन्यांचं ओझं उतरलं होतं. वाण वाचलं, कारखाना वाचला. मनिषा पेढे आणायला पळाली.

माल उतरवला. टाकीला वाफ दिली, धुतली, झाकण उघडून आतून कोरडी पुसली. आत जिवंत काही उरणं शक्य नव्हतं. ऑक्सिजन मोजायची दांडी नुसत्या हवेत लोंबत होती आणि आकडा शंभर दाखवत होता. हवेत तो शंभरच असतो, त्याच्या वर जाऊ शकत नाही.

साडेसहाला, ऊन अजून दारात असताना, आईचा फोन आला. हात ओले होते, म्हणून धम्मप्रियानं कोपरानं स्पीकर लावला आणि फोन टाकीच्या कठड्यावर तसाच राहू दिला. दिवसभर पाणी प्यायलं नव्हतं. तिनं बाटली तोंडाला लावली.

“जेवलीस का गं?” आईनं विचारलं.

धम्मप्रियाचं तोंड पाण्यानं भरलेलं होतं. तिनं सहज वर आकड्याकडं पाहिलं.

शंभर. एकशे अठरा. एकशे चाळीस.

“न्हाई?” आई म्हणाली. “अजून न्हाई? आन् आवाज असा का गं बसलाय तुझा?”

पाणी तिच्या तोंडात तसंच राहिलं.

“हाव, हाव,” आई म्हणाली, “येऊ का म्हणून काय इचारतीस? ये की घरी. वाढून ठेवते.”

आकडा सावकाश शंभरावर आला.