कोमट चरवी

खोटं सांगून पाप कोण पदरात घेईल? ही गोष्ट खरी आहे. हिवाळ्यातल्या एका पहाटे माझ्या काकाच्या गोठ्यात घडली. काकाच्या तोंडून ऐकली, आईच्याही. त्या दोघांचं एरवी कशावर एकमत होत नाही.

यावर होतं.

काकाने एका म्हातारीकडून गाय घेतली, तान्ह्या वासरासकट. दावं हातात देताना म्हातारीने एवढंच बजावलं, "तीन सड तुझे, चौथा वासराचा. त्याला हात लावू नकोस."

काकाने मान डोलावली आणि घरी येऊन चारही सड पिळले. वासराला काय, उरलंसुरलं मिळेलच म्हणाला. मुक्या जिवाच्या तोंडचा घास कुणाला पचलाय? वासराच्या बरगड्या दिसू लागल्या.

मग एका पहाटे काका धारेला बसला...

तीन सड कोरडे.

चौथा मात्र टच्च भरलेला. त्याला हात लावला की गाय लाथ झाडायची. तेवढं दूध वासराला सोडण्यावाचून इलाज नव्हता.

दुसऱ्या पहाटेही तेच. मग रोजच.

गाय परक्या हाताला पान्हा सोडायची नाही. तिच्या ओळखीचे हात घरात दोघांचेच. एक काका. दुसरी माझी आई, म्हणजे त्याची विधवा वहिनी.

संशय घुणासारखा असतो. वरून लाकूड धड, आत भुसा. वहिनीच्या चहात दूध किती, हे काका निरखू लागला. तिच्या पदराला दुधाचा वास येतो का, तेही. गोठ्यात राबणाऱ्या बाईच्या पदराला दुसरा कसला वास येणार?

शेवटी तो बोलून गेला.

आईने वाद घातला नाही. पिशवी भरून दारात ठेवली. "भाऊजी, उद्या माहेरी जाते. त्याआधी एक पहाट गोठ्यात माझ्याशेजारी बसा. मग हवं तर चोर सोडून संन्याशाला फाशी द्या."

बसले दोघे, कडब्याच्या पेंढ्यांआड. दाराला आतून कडी. दूध काढायची चरवी समोर खुंटीला.

गाय रवंथ करत होती.

मधेच थांबली...

वासराने कान टवकारले. गाईने मागचा पाय जरा सरकवला. ओळखीचं माणूस धारेला बसलं की सरकवते, अगदी तसा.

आणि आवाज आला...

चुर्र... चुर्र... रिकाम्या भांड्यात पहिली धार पडावी तसा.

गाईपाशी कुणी नव्हतं. चरवी खुंटीवरच होती.

काकाने वहिनीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याही वेळी त्याने ते नीट बघून घेतले, बरं का!

आवाज थांबला. आईने उठून चरवी काढली. आत थेंब नव्हता.

पण चरवी... कोमट होती.

उजाडताच काका म्हातारीकडे निघाला. ती गेली असणार, अशी वाटभर त्याची खात्री.

म्हातारी जिवंत होती. खाटेवर. गाय विकल्यावर थोड्याच दिवसांत लकव्याने तिचे हात गेले होते. बोटं वळत नव्हती, सून घास भरवत होती. काकाला बघून हसली.

"वासराने धरलं का रे अंग?"

काकाने कसाबसा हुंकार दिला.

"तरीच पहाटे माझी बोटं ओली असतात. सूनबाई म्हणते, पाणी सांडलं असेल."

काका घरी आला. दारातली पिशवी उचलून आत ठेवली. माफी वगैरे त्याला जमत नाही. त्याने चहा केला, वहिनीच्या कपात दूध जास्त घातलं.

चौथ्या सडाला त्याने पुन्हा कधी हात लावला नाही. तिन्ही सड भरू लागले. पुढे म्हातारीही गेली. संपायला हवं होतं ना सगळं?

चरवी अजून पहाटे कोमट लागते.

म्हणून काका ती खुंटीवरून स्वतः काढत नाही. "वहिनी, तेवढी चरवी द्या," म्हणतो.

आणि ती देते, तेव्हा आधी तिच्या बोटांकडे बघतो...

ओली आहेत का.