आठही दिवे लागले होते

मी बी.एस्सी. झालेली आहे. भुताखेतांवर हसणाऱ्यांतली. म्हणूनच हे लिहिताना लाज वाटते... पण घडलं ते माझ्यासमोर घडलं.

गाव दिघोरी, तालुका लाखांदूर. गेल्या दिवाळीनंतरचा मंगळवार. दुपारचे तीन.

हो, दुपारच. रात्र नव्हती.

धानाची कापणी सुरू होती. सासूबाई बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेलेल्या. नवरा जवाहरनगरला ड्युटीवर. घरी मी आणि तीन वर्षांची उर्वशी.

उर्वशीला दम्याचा त्रास आहे. वाफेचं मशीन लागलं की लागलंच. आणि आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. म्हणून सोलर बसवला. इन्व्हर्टर समोरच्या खोलीत, बॅटरी मागे धानाच्या खोलीत. दोघांमध्ये एक बारीक वायर. बॅटरी किती भरली, किती उरली, ते इन्व्हर्टरला त्या वायरीतून कळतं. नाही कळलं की तो पीं पीं करतो आणि बॅटरी बंद.

आठवड्यात तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा वायर बॅटरीच्या बाजूने निघालेली... कोणीतरी ओढून काढल्यासारखी.

मला सासूबाईंवरच संशय. त्यांच्या धानाच्या खोलीत बॅटरी ठेवलेली त्यांना आवडली नव्हती.

"मी कायले हात लावू तुह्या डब्याले?" त्या म्हणाल्या. "करंट मारला तं तू रडशील का माह्यासाठी?"

मग त्या मंगळवारी लाखांदूरहून योगेंद्र आला, सोलर बसवणारा. आता मला त्याच्यावर संशय. यानेच कच्चं काम केलं असणार.

त्याने वायरीचं समोरचं टोक एका छोट्या डबीत खोचलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"वहिनी, याचा जोडीदार मी तिकडच्या टोकाले लावतो. वायरीत आठ तारा हायेत, मंग यावर एक ते आठ दिवे लागतीन. एक जरी नाही लागला तं वायर खराब. मी आवाज देतो, तुम्ही सांगजा."

"आणि जोडीदार नाही लावला तर?"

"तं एकही नाही लागत. एकटी डबी मुकी हाये."

तो धानाच्या खोलीत गेला.

मी डबीकडे बघत राहिले.

एक... दोन... तीन... आठही लागले.

"वहिनी, लागले का?" आतून आवाज आला.

"हो! आठही!"

मग काहीच नाही. फक्त धानाच्या पोत्यांवरून काहीतरी सरकल्यासारखं...

"लेकरू कुठी हाये?"

"झोपली आहे. तुमच्या बाजूच्याच खोलीत," मी म्हटलं. सहज. दिवे बघता बघता.

तेवढ्यात फाटक वाजलं.

योगेंद्र अंगणातून येत होता. हातात पक्कड.

"गाडीवरच राहिली होती, मागच्या दारानं गेलो आणाले. कोणासंग बोलून राहिल्या वहिनी?"

वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने खिशातून जोडीदार काढून दाखवला...

माझ्या हातातली डबी विझली.

मी धावले. उर्वशी अंथरुणात उठून बसली होती. तिची खोली आणि धानाची खोली यांमधल्या दाराकडे बघत.

त्या मधल्या दाराला मी उर्वशीच्या बाजूने कडी लावली होती. आता ते उघडं होतं.

योगेंद्रने मग जोडीदार लावून पाहिला. तीन नंबरचा दिवा लागलाच नाही. वायरीतली एक तार मधूनच तुटलेली.

"आठ कसे लागतीन वहिनी?" एवढंच म्हणाला. नवी वायर टाकली आणि चहा न घेता गेला.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. हातातला विळा खाली ठेवला फक्त.

"पहिल्याच आवाजाले ओ देली तू?"

"हो."

"आन् लेकरूबी दाखवलं..." त्यांनी उर्वशीला मांडीवर ओढून घेतलं. "मानूस असन तं तीनदा बलावते, माय. ते दोनदाच बलावते. तिसऱ्याबिगर ओ नाही द्यायची."

मी उर्वशीला शिकवलं. हाक आली की बोटं मोजायची. तीन झाल्याशिवाय ओ द्यायची नाही.

वायर आता ठीक आहे. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. तरी मी दिवसातून दहादा बघते.

दुपारी तीनच्या सुमारास उर्वशी त्या दाराकडे मान वळवते. मला काहीच ऐकू येत नाही. ती एक बोट उघडते... दुसरं... आणि परत खेळायला लागते.

रोज दोनच.

काल तिने तिसरं बोट उघडलं.

"मम्मी, आता ओ देऊ?"