शून्याचं टोक

माझा थोरला भाऊ, दादा, गेल्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी मामा आमच्याकडे झोपायला आला. वीज गेली होती. मी आणि माझे दोन मावसभाऊ गच्चीवर पडलो होतो. मामा दादाच्याच ऑफिसची जीप चालवतो. जुने पूल, धरणं, गिरण्या पडायच्या आत त्यांचे फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि नकाशे करून ठेवायचे, हे त्या ऑफिसचं काम.

"मी स्वतः पाहिलेलं नाही," मामा म्हणाला. "लंबूने सांगितलं. आणि लंबूला खोटं बोलता आलं असतं, तर तो आतापर्यंत साहेब झाला असता."

लंबू हा दादाचा जोडीदार. मोजताना टेपचं रीळ लंबूकडे असायचं आणि शून्याचं टोक दादाकडे. दादा टोक जागेवर अंगठ्याने दाबायचा आणि दोन झटके द्यायचा. म्हणजे, धरलंय, वाच.

"गेल्या शुक्रवारी लंबू नुसता टेप आणायला गेला होता," मामा म्हणाला. "भांडारवाला मागे लागला होता. 'माणूस गेला, वाईट झालं, पण टेप कुठाय?' असं."

"थोबाड फोडायला हवं होतं त्याचं," मी म्हणालो.

"तू गप पड. ऐक."

टेप मैलापाण्याच्या जुन्या पंपघरात राहिली होती. विटांचं देखणं काम आहे म्हणतात. वर घुमट, कमानी आणि खाली दोन विहिरी, डावी आणि उजवी. सगळ्या गावाची घाण त्यांत येते. दिवसा ती पार वरपर्यंत असते, गाव झोपलं की उतरते. म्हणून मोजणी रात्री दोननंतर. डावी विहीर नीट मोजून झाली. तिच्यात शिडी अर्ध्यावर थांबते आणि तिथे पाय टेकायला लोखंडी फळी आहे. उजवीच्या वेळी साहेबाला वास सहन झाला नाही. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "जुळ्या बहिणी आहेत. डावीचा नकाशा उलटा करा, झाली उजवी." त्या ऑफिसात असंच चालतं. अर्धं मोजायचं, अर्धं आरशातल्यासारखं काढायचं.

दादा म्हणाला, निदान शिडी तरी मोजून घेऊ. नकाशात फळी होती. अंधारात त्याने त्या फळीवर पाय ठेवला.

तो दुसऱ्या दिवशी पलीकडच्या जाळीला अडकलेला सापडला. साहेबाने वर कळवलं की फळी होती, माणूस बेफिकीर होता. तो कागद घरी वाचून दाखवला, तेव्हापासून आई कोणाशी बोलली नव्हती.

मामाने सिगारेट विझवली.

"मी जीपमध्येच थांबलो. लंबू एकटा आत गेला. तिथला वास नाकात नाही रे, जिभेवर बसतो. भिंतींना करपलेल्या तेलासारखी चरबी. हात लावला की बोटं चिकटतात आणि खाली काहीतरी सारखं बुडबुडत असतं. उजव्या विहिरीच्या कठड्याला रीळ तसंच अडकलेलं होतं. पट्टी खाली अंधारात गेलेली. लंबूने तोंड फिरवलं, एकदा ओकला आणि पट्टी गुंडाळायला लागला."

"मग?" धाकटा मावसभाऊ.

"येईना."

"अडकली असेल."

"त्यालाही तेच वाटलं. त्याने ओढलं. खालून कोणीतरी ओढलं."

धाकटा माझ्याजवळ सरकला.

"दोन झटके."

मी उठून बसलो. मामाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"लंबूने रीळ टाकून पळायला हवं होतं. पण सवय वाईट. दोन झटके आले की तो वाचतो. त्याने बॅटरी धरली. वाचलं. लगेच पट्टी सैल झाली... थोडी खाली गेली... थांबली. दोन झटके. शिडीच्या एकेका पायरीवर. लंबू वाचत गेला. रडत होता, ओकत होता, वाचत होता. मग पट्टी थांबली, ती बराच वेळ. खालचं बुडबुडणंही थांबलं. लंबूने हाक मारली. 'फळी आली का रे?'"

मी मामाचं मनगट धरलं.

"आणि?"

"काही नाही... झटका नाही... आवाज नाही. मग रीळ हातात गरगर फिरलं. सगळी पट्टी एका दमात खाली गेली. मग लंबूने गुंडाळली, तेव्हा मुकाट वर आली."

खाली रस्त्यावर एक कुत्रं भुंकत होतं.

"सोमवारी लंबूने उजव्या विहिरीचा खरा नकाशा साहेबापुढे ठेवला. शिडी संपते तिथे फळी नाही. कधीच नव्हती. साहेब हसला. म्हणाला, 'अंधारात वरून शिडीचं टोक एकट्याला मोजता येतं होय? खाली शून्य कोणी धरलं?' लंबू म्हणाला, 'नेहमी धरतो त्यानेच.' आणि टेप टेबलावर ठेवली. साहेबाने ती उघडली. मग उठायलाही वेळ मिळाला नाही त्याला. स्वतःच्या सह्यांच्या कागदांवर ओकला, नाका-तोंडातून. काय पाहिलं, ते सांगत नाही. पण नव्या नकाशावर सही केली आणि बेफिकीर हा शब्द मागे घेतला."

"थापा," मी म्हणालो. "मला बरं वाटावं म्हणून."

मामाने उशाखालून पिशवी काढली. आत टेप होती. "लंबू ती रोज साबणाने धुतो. सकाळी परत तशीच. त्याला घरात ठेववत नाही."

मी हिसकावून घेतली. मावसभाऊ नाक दाबून मागे सरकले. पट्टीवर ओला काळा थर होता, केसांसारखं काहीतरी चिकटलेलं. मी ती टोकापर्यंत ओढली. बॅटरीचा उजेड पाडला.

शून्यापाशी एवढीशी जागा कोरडी होती. लख्ख, पिवळी. मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. बसला नाही. त्या जागेचा आकार एका बाजूने चपटा होता.

दादाचा अंगठा लहानपणी दारात चेंगरला होता.

मागे पाऊल वाजलं. आई वर आली होती. तिने नाक धरलं नाही. माझ्या हातातून टोक घेतलं, त्या कोरड्या जागेवरून बोट फिरवलं, आणि त्या कागदानंतर पहिल्यांदा बोलली.

"अजून ऊब आहे," आई म्हणाली.