साक्षीचा चौकोन

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमारास, संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत.

ताई जुनी चित्रं साफ करते. तेव्हा टेबलावर एकोणिसाव्या शतकातलं एक फ्रेंच चित्र होतं. म्हातारा सेलोवादक, गुडघ्यांमध्ये ते व्हायोलिनसारखं मोठं वाद्य. हातातला गज वर उचललेला. नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर.

प्रश्न एकच... तो वाजवणार आहे, की वाजवून थांबलाय?

संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा होता. त्यावरच तिची नोकरी कायम होणार होती.

"कोणाची तरी वाट बघतोय, झालं," साहेब म्हणाले.

"नाही सर. ही जाड तार बघा. दोन पुसट रेघा आहेत. म्हणजे ती अजून थरथरतेय. ऐकणारा आत्ताच उठून गेलाय."

"अगं शास्त्रज्ञबाई, मग कुठे गेला तेही लिही!" साहेब हसत जिना चढले. "पुरावा दे, सही करतो."

पुरावा...

जुनं वार्निश पुसताना एक छोटा चौकोन मुद्दाम तसाच सोडतात. आधी चित्र कसं होतं, याची साक्ष म्हणून. त्याला हात लावायचा नाही, हा नियम. ताईने तो खुर्चीच्या गादीवर सोडला होता.

तिने कापसाचा बोळा भिजवला.

चौकोन पुसला.

खाली गादी खोल दबलेली होती... कोणी आत्ताच उठल्यासारखी.

ताईला आभाळ ठेंगणं झालं. आणि मग तिच्या लक्षात आलं...

करकरणाऱ्या पंख्याचा आवाज येत नाहीये.

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता.

घड्याळाची टिकटिकही नव्हती.

मग एकच आवाज आला. मागून...

फुस्स.

तिच्या रिकाम्या स्टुलाच्या रेक्झिनवर कोणी बसलं की येतो, तो.

ती वळली नाही. चित्राकडेच बघत राहिली. तारेला तिने बोळा लावलाच नव्हता. सकाळच्या फोटोत तिथे दोन रेघा होत्या.

आता एकच होती. स्थिर.

सही झाली. नोकरीही कायम झाली.

पण घरी ताई एकही खुर्ची रिकामी ठेवत नाही. कुठे पुस्तकं, कुठे पिशवी. मी तिची टर उडवायचो.

परवा बसायला म्हणून मी एक पिशवी उचलली. आत फक्त छत्री होती.

खालची गादी खोल दबलेली होती... आणि गरम.

ताईने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"उठवलंस ना त्याला?"

हे लिहिताना माझ्या खोलीत पंखा फिरतोय.

आवाज मात्र येत नाहीये...