तारांखालची पट्टी

बायकोकडे राहिलेली धड्यांची वही परत द्यायला म्हणून मी गिटारच्या क्लासला गेलो आणि विद्यार्थी होऊन परत आलो. मनात दुसरं काहीही नव्हतं. तिला जाऊन चार महिने झाले होते, पाच दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. कपाट आवरताना वही सापडली. क्लासच्या बाईंनी ती चाळली आणि माझ्याच हातात ठेवली.

"चौथ्या धड्यावर थांबल्यात. पुढचा तुम्ही करा की."

"या वयात? पालथ्या घड्यावर पाणी आहे ते, बाई."

"पहिल्या दिवशी त्याही हेच म्हणाल्या होत्या."

मी शिंपी. पुढे दुकान, मागे घर आणि मधे अस्तरांचे तागे ठेवायची लहानशी खोली. माझ्या शर्टांची काजं बायको करायची. बावन्नाव्या वर्षी तिच्या डोक्यात गिटार शिरली. रोज संध्याकाळी पाचला ती त्या खोलीत जाऊन बसायची. येऊन जाऊन दोन कॉर्ड, म्हणजे बोटांनी तारा दाबून सगळ्या एकदम छेडायच्या. पहिला नीट यायचा, दुसऱ्याला डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागायचं, आणि त्या बोटात कधीकाळी मशीनची सुई गेलेली. ते पुरतं दाबायचंच नाही. झण्ण, थप्प. झण्ण, थप्प. तिसऱ्या आठवड्यात मी गिऱ्हाइकासमोर ओरडलो, "पुरे गं आता. डोकं उठलं माझं."

"बरं," ती आतून म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. मला वाटलं, सोडलं असेल. तिने सोडलं नव्हतं, अस्तराचा तागा घ्यायला आत गेलो तेव्हा दिसलं. कापडाची एक पट्टी दुमडून तिने तारांखाली खोचली होती, जिथे तारा लाकडाला बांधलेल्या असतात अगदी तिथे. तशी पट्टी खोचली की तार हलते, पण वाजत नाही. वर्षभर ती माझ्यापासून दहा पावलांवर अशी मुक्यानं वाजवत राहिली, आणि मी तिला एकदाही पट्टी काढ म्हणालो नाही. तापात एकदा म्हणाली, "दुसरा कॉर्ड जमला बरं का. ऐकवेन तुम्हाला." मी म्हणालो, आधी बरी हो. ते ऐकायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

तर मी शिकायला लागलो. पहिल्या दिवशी ती जुनी पट्टी काढून तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवली. बोटांची सालपटं निघाली. मलमाची डबी वहीशेजारीच होती, तिचीच.

दुसऱ्या दिवशी पाचला बसलो, तार छेडली, तर आवाज दबलेला. तारांखाली पट्टी होती. आपणच विसरलो म्हणून काढायला गेलो, तर ही पट्टी राखाडी होती. राखाडी कापड मी त्याच सकाळी एका पँटसाठी कापलं होतं.

तिसऱ्या दिवशी निळी आली, चौथ्या दिवशी चौकडीची. घरात माझ्याशिवाय कोणी नाही. वाटलं, दुःखानं माणूस स्वतःच काहीबाही करतो आणि विसरतो. मग चौकडीची पट्टी दिव्याखाली धरली. कडांना काजाचा टाका होता, चारी बाजूंनी. बोटभर लांबीत अकरा टाके. माझा हात कातरीचा, मला जन्मात तसा टाका जमलेला नाही. तिला मात्र कापडाची उघडी कड बघवायची नाही, पुसायच्या फडक्यालासुद्धा टाका घालायची.

मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या खाली काळजात जे चर्र झालं, ते वेगळंच होतं. ही अजून मला त्रास नको म्हणून जपतेय.

पाचव्या दिवशी मी पट्टी काढली, गिटार तिच्या खुर्चीवर ठेवली आणि रिकाम्या खोलीला म्हणालो, "आज तू वाजव. मला त्रास नाही होत. खरंच नाही..."

दार लोटलं. दुकानात येऊन मशीनवर बसलो, पंखा बंद केला. बाहेर ऊन उतरत होतं. पाच वाजले. पाच वाजून गेले. मग दाराच्या फटीतून मलमाचा वास आला. उग्र, ताजा.

झण्ण.

बराच वेळ काही नाही. बोट जागेवर बसवायला तिला तेवढाच वेळ लागायचा.

आणि दुसरा... स्वच्छ. सगळ्या तारा मोकळ्या. एकही थप्प नाही.

जमला होता तिला. खरंच जमला होता. मी तोंडावर हात दाबला, पण हुंदका काही थांबेना. टेबलावर डोकं टेकून मी ओक्साबोक्शी रडलो, मोठ्यानं, ती गेली तेव्हाही रडलो नव्हतो तसा.

आतला आवाज थांबला.

"नाही गं... थांबू नकोस... मी आपला..."

"बरं," आतून आलं.

तोच हळू, समजूतदार स्वर. पाठीमागून काहीतरी हलकेच ओढल्यासारखं वाटलं, मी रडण्याच्या भरात लक्ष दिलं नाही. मग आतून टुक, टुक, टुक. दबलेल्या तारा.

मी धावत जाऊन दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. गिटार खुर्चीवर तशीच होती आणि तारांखाली नवी पट्टी. पांढऱ्यावर बारीक तपकिरी रेघ. हे कापड कुठलं ते चटकन आठवेना. आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं. मग खाली नजर गेली, आणि माझा हात आपोआप पाठीमागे गेला.

माझ्या अंगातल्या शर्टाचा मागचा घेर चार बोटं कापलेला होता. कड उघडी नव्हती. निम्म्यापर्यंत काजाचा टाका आला होता, आणि सुई अजून दोऱ्यात लोंबत होती.