अचल नावाचा दगड

“मॅडम, तो अचल आपल्या डोक्यावर पडला तर?”

बाकावर शेजारी बसलेल्या नाझनीनने कचोरीची पैज लावली नसती तर पूर्वजाने हे विचारलंही नसतं. पण वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिची भीड पार चेपली होती. वर्ग खिदळला.

अचल म्हणजे अंतराळातून ओढून आणलेला, टेकडीएवढा धातूचा दगड. खाणकामासाठी त्याला पृथ्वीच्याच गतीने फिरत ठेवलं होतं, म्हणून लोणारच्या आकाशात तो दक्षिणेला एकाच जागी चमकायचा. गावाने त्याला केव्हाच आपलंसं केलं होतं. लग्नात नवरीला ध्रुव दाखवून झाला, की भटजी तिला वळवून अचलही दाखवत.

नियंत्रण केंद्रातून आलेल्या भालेराव मॅडम नुकत्याच सांगत होत्या, “ग्रीसमधला अ‍ॅनाक्सागोरास म्हणायचा, तारे देव नाहीत, दगड आहेत. गरगर फिरतात म्हणून वर टिकतात. फिरणं मंदावलं की पडतील. लोकांनी त्याला शहराबाहेर काढलं.”

आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. “तुला कोणी सांगितलं? बाबांनी?”

बाबा त्याच केंद्रात कामाला होते. पूर्वजा कचोरी न घेताच घरी पळाली.

घरी ताईच्या लग्नाचं रुखवत भरणं चाललं होतं. बाबा दारात तोरण बांधत होते.

“बाबा, अचल पडतोय का?”

त्यांचे हात थांबले. “हळू बोल. त्याला जागेवर धरणारं इंजिन उलटं पेटलंय, विझत नाही. त्याची वाट तिरकी झालीय, तो खाली येतोय. डोळ्यांना दिसायला अजून अवकाश आहे.”

“कुठे पडणार?”

“ते शेवटपर्यंत कळणार नाही. सगळं करून पाहिलं, बाळा. वरून आता गप्प बसायला सांगितलंय.”

“उद्या लग्न आहे,” आई रुखवतातून मान वर न करता म्हणाली. “परवा बोलू.”

“नाही आई. उद्या भटजी ताईला वळवतील, सगळा मांडव वर बघेल, तेव्हा मी माईक घेऊन सांगणार आहे.”

“आणि लोकांनी विचारलं, पळायचं कुठे?” बाबा म्हणाले.

पूर्वजाने तोरणाचं सुटलेलं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

“माहीत नाही म्हणेन,” ती म्हणाली. “पण सांगणार, हे नक्की. तुम्ही दोघं माझ्या शेजारी उभे राहाल का?”